बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीतला थर बदलूनही तोच त्रास पुन्हा का उद्भवतो?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याने सहा-सात दिवसांत विष्ठा टाकलेली नाही, अन्नाकडे तो पाहत नाही, अधूनमधून शेपूट उचलून कुंथतो. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पेटीतली वाळू काढली जाते, तिच्या जागी फरशी किंवा कागद येतो, चार दिवसांत प्राणी मोकळा होतो, घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. आमच्या घरी हा फेरा दीड वर्षात तीनदा झाला. तीनही वेळा पेटीतला थर वेगळा होता आणि तीनही वेळा आम्ही दोष थरालाच दिला. थर दोषी होताच, परंतु तो एकटा नव्हता. त्याच्या साथीदारांकडे न पाहता त्यालाच बदलत राहिल्यामुळे दुखणे परतत होते. दुकानदार ज्याला सबस्ट्रेट म्हणतात त्यालाच मी येथे थर म्हणतो. पेटीच्या तळाशी जे काही अंथरले जाते ते सगळे त्यात आले.

आमच्या प्राण्याचे नाव भाकऱ्या. दिव्याखाली तो बरगड्या रुंदावून इतका सपाट होतो की तव्यावरची ज्वारीची भाकरीच वाटावी. अंगाचा जास्तीत जास्त भाग उष्णतेकडे करण्याची ही त्याची रीत आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत सुरुवातीला 'यांनी घोरपड पाळली' अशी कुजबुज झाली होती, म्हणून नोंदवून ठेवतो की घोरपड ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती घरात ठेवणे गुन्हा आहे. बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातला प्राणी असून आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा त्याच्याच कुळातला आहे.

पुढचे वाचण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. प्राणी मागचे पाय ओढत चालत असेल, खाल्लेले उलटून टाकत असेल, त्याचे पोट ताठ व फुगलेले असेल, किंवा स्पर्श केल्यावरही तो डोळे उघडत नसेल, तर कोणता थर घालावा हा प्रश्न आज गौण आहे आणि त्याला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. सोलापुरात जनावरांचे दवाखाने आहेत, पण त्यांचा बहुतेक वेळ गायी-म्हशींत, शेळ्यांत आणि कुत्र्या-मांजरांत जातो. त्यामुळे निघण्याआधी फोन करून 'आपण पाळीव सरड्यांवर उपचार करता का' असे स्पष्ट विचारावे आणि नकार मिळाला तर अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याची तयारी ठेवावी. तोवर कोपरापर्यंत बुडेल इतक्याच, ३२ ते ३५ अंशांच्या कोमट पाण्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर बसवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवले तरी एरंडेल पाजू नये, कारण बळेच ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाचा आजार जडतो आणि तो मूळ दुखण्यापेक्षा जड जातो.

उलट काही वेळा आजार नसतोच. पिल्लू जवळजवळ रोज विष्ठा टाकते, पूर्ण वाढलेल्या प्राण्याला मात्र अनेक दिवसांचे अंतर चालते, आणि थंडीत शीतनिद्रेत गेलेला प्रौढ प्राणी खात नसल्यामुळे कित्येक आठवडे काहीच टाकत नाही. वजन टिकून असेल आणि डोळे खोल गेलेले नसतील, तर केवळ दिवस मोजून घाबरण्याचे कारण नाही.

तीन खेपा

पहिली खेप वाळूची होती. प्राणी ज्या दुकानातून आणला तेथेच केशरी रंगाची 'कॅल्शियम वाळू' मिळाली, आणि पोटात गेली तरी ती विरघळते असे आश्वासनही मिळाले. ही वाळू म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे कण. तीन महिन्यांच्या पिल्लाला तिची चव लागते आणि ते ती मुद्दाम चाटू लागते. ओलावा मिळाला की तिचे गोळे बनतात. आणि ज्या जठराम्लाच्या जोरावर ती विरघळायची, त्या आम्लाचाच जोर ती स्वतः कमी करते. क्ष-किरण चित्रात ओटीपोटातला पांढरा पुंजका आम्हालाही ओळखता आला. उपचारांनंतर आम्ही सगळी वाळू फेकून दिली आणि कारण सापडले असे समजून निश्चिंत झालो.

दुसरी खेप जानेवारीतली, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली. तोवर पेटीत शहाबादी फरशी आली होती आणि गिळण्याजोगा एकही कण आत नव्हता, तरीही नऊ दिवस विष्ठा नाही. पेटीच्या काचेला चिकटवलेला गोल तापमापक ३६ अंश दाखवत होता. एका स्नेह्यांनी इन्फ्रारेड तापमापक आणून थेट दिव्याखालच्या दगडावर रोखला तेव्हा आकडा आला २९. काचेवरची तबकडी दिव्याजवळच्या हवेचे आणि काचेचे तापमान सांगत होती; प्राण्याच्या पोटाखालच्या दगडाशी तिला काही देणेघेणे नव्हते. रात्री खोलीतला पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरत होता, इंचभर जाडीची फरशी लोखंडी टेबलावर थेट टेकलेली होती, रात्रभर ती गार पडत असे, आणि सकाळी दिवा लागल्यावर तिला तापायला दीड-दोन तास लागत. आम्ही मात्र दिवा लावताच त्याला रातकिडे खायला घालून कामाला निघून जात होतो. सरड्याचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. गार पोटात अन्न पडून राहते, त्यातले पाणी शोषले जाते आणि उरलेला भाग घट्ट होत जातो, मग त्यात वाळू असो वा नसो. शीतनिद्रेत रिकाम्या पोटाने गार राहणे त्याला सोसते. भरल्या पोटाने गार राहणे सोसत नाही.

तिसरी खेप मे महिन्यातली, आणि ती अस्सल सोलापुरी म्हणावी लागेल. बाहेर पारा ४३ अंशांवर, घरात दिवसभर पाण्याचा कूलर. एवढ्या उन्हाळ्यात दिवा कशाला, असे म्हणून आम्ही उष्णतेचा दिवा बंद ठेवला होता, आणि दोन्ही दिव्यांना बटण एकच असल्याने त्याच्याबरोबर यूव्हीबी नळीही, म्हणजे अतिनील किरणे देणारा दिवाही, महिनाभर बंद राहिला. शिवाय दगड फार कठोर वाटतो या भावनेपोटी पेटीच्या अर्ध्या भागात आम्ही कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पसरले होते. कूलरच्या खोलीत हवा ३१ अंश, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर, आणि पोट शेकण्याजोगी जागा पेटीत कोठेच नाही. पाण्याच्या वाटीखाली कोकोपीटला पांढरी बुरशी धरली होती. यूव्हीबी नसल्याने कॅल्शियम अंगी लागेना, आणि भाकऱ्या पुन्हा थर चाटू लागला. आठव्या दिवशी पडलेल्या विष्ठेत नारळाचे तंतू होते.

तीन खेपांत थर तीन निघाले, पण शेकण्याची जागा दोनदा गारच होती आणि पहिल्या वेळी ती आम्ही मोजलीच नव्हती.

थराला हात लावण्यापूर्वी

म्हणून ज्याला हा त्रास दुसऱ्यांदा होत आहे, त्याने नवा थर विकत घेण्याआधी तीन आठवडे पेटी केवळ पांढऱ्या टिश्यू कागदावर चालवावी. वर्तमानपत्रही चालते, परंतु ते गुळगुळीत असते, त्यावर पिल्लाचे पाय सरकतात, आणि छापील मजकुराच्या पार्श्वभूमीवर विष्ठेतले बारकावे दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर सगळे दिसते: तपकिरी भाग घट्ट आहे की पातळ, पांढरा युरेट, म्हणजे लघवीचा घट्ट भाग, मऊ आहे की खडूसारखा पिवळट व कोरडा, त्यात वाळू वा तंतू अजून येत आहेत का. कागद दिसायला ओकाबोका वाटतो हे खरे आहे. तपासणीच्या काळात ते चालवून घ्यावे.

याच तीन आठवड्यांत मापे घ्यावीत. शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग प्रौढ प्राण्यासाठी ३८ ते ४२ अंश असावा आणि तो पृष्ठभागावरच मोजावा. दुसऱ्या टोकाची थंड बाजू २४ ते २९ अंशांत राहावी. रात्री पेटी १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. हवेतली आर्द्रता ३० ते ४० टक्के उत्तम, काही काळ साठपर्यंत गेली तरी बिघडत नाही, पण कूलरच्या खोलीत ती दिवसेंदिवस सत्तरीवर राहिली तर कोणताही सुटा थर टिकत नाही. यूव्हीबी नळी चांगल्या प्रतीची असली तरी वर्षभरात बदलावी लागते, कारण ती डोळ्यांना प्रकाशित दिसत असतानाच तिच्यातली अतिनील किरणे घटलेली असतात. खिडकीतून येणारे ऊन तिची जागा घेऊ शकत नाही; साधी काच ती किरणे अडवते. आणि त्यावर उपाय म्हणून काचेची पेटी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवण्याचा विचार कोणी करत असेल तर तो तेथेच सोडून द्यावा, कारण सोलापूरच्या उन्हात बंद काचेत प्राणी काही मिनिटांत तडफडून मरतो.

उन्हाळ्यात शेकण्याचा दिवा पूर्ण बंद करू नये. कमी वॅटचा लावावा किंवा दिवसातले काही तासच लावावा, आणि थंड टोक खरोखर थंड राहते की नाही याकडे लक्ष द्यावे. खोलीच थेट चाळिशीला पोहोचत असेल तर प्रश्न उलटा होतो आणि पेटी घरातल्या सर्वात गार खोलीत हलवावी लागते. यूव्हीबीला वेगळे बटण बसवून घेण्याचा खर्च फारसा नसतो. आमच्याकडे तो झाला असता तर तिसरी खेप निम्म्यावर आली असती.

मापे दुरुस्त केल्यावर कागदावर काय दिसते त्यावरून कारण ओळखावे. उष्णता वाढताच आठवड्याभरात विष्ठा नियमित झाली, तर मूळ दोष गारठ्याचा होता. विष्ठा येते पण ती पातळ, चिकट आणि असह्य दुर्गंधीची असेल, तर ताजा नमुना तपासायला द्यावा. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी आणि सूत्रकृमी सर्रास आढळतात आणि थर बदलून ते जात नाहीत, उलट सुट्या थरात त्यांची अंडी दडून राहतात व प्राण्याला पुन्हा पुन्हा बाधा होते. प्राणी कागदसुद्धा चावू लागला, त्याचा जबडा मऊ लागला किंवा बोटे थरथरू लागली, तर कॅल्शियमची उणीव गंभीर आहे. नुसते जिभेने टोकून पाहणे मात्र स्वाभाविक आहे, जगाची ओळख तो तसाच करून घेतो. आणि सगळी मापे योग्य असून कागदावर काहीच येत नसेल, तर आतड्यात जुने काही अडकलेले असण्याची शक्यता धरून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

बाजारात काय मिळते

बिअर्डेड ड्रॅगन वाळवंटातला, म्हणजे त्याला वाळू हवी, हा समज इतका पसरला आहे की त्याचे मूळ पाहिलेच पाहिजे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, माळरानांचा आणि विरळ झुडपी रानांचा रहिवासी आहे. तेथे त्याच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी घट्ट बसलेली तांबडी, चिकणमाती मिसळलेली जमीन असते, आणि दिवसाचा बराच वेळ तो ओंडक्यांवर, खडकांवर, कुंपणाच्या खांबांवर चढून बसतो. सैल वाळूचे ढीग त्याच्या नशिबी फारसे येत नाहीत.

आपल्याकडे नदीची वाळू म्हणून जे मिळते त्यात गाळ, शिंपल्यांचे तुकडे आणि कधीकधी त्याहून नको ते असते. बांधकामाच्या ठिकाणाहून फुकट आणलेला क्रश सँड तर टाळावाच, कारण तो बेसॉल्ट फोडून केलेला असल्याने त्याचे कण धारदार असतात. मुरुमाचे तेच. मत्स्यालयातले रंगीत खडे गिळता येतात आणि बाहेर येत नाहीत. ज्वारीच्या कडब्याचा भुसा, भाताचे तूस आणि शेंगांची टरफले आपल्याकडे मुबलक आहेत, पण धूळ, टोके आणि बुरशी या तिन्ही कारणांनी ती पेटीबाहेरच बरी. अक्रोडाच्या कवचाचा भुगा आणि मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानांत छान पाकिटांत मिळतात. आतडी तुंबण्याच्या बाबतीत दोन्ही कुप्रसिद्ध आहेत. सुताराकडचा भुसा कोणत्या लाकडाचा आहे हे सुतारालाही सांगता येत नाही, आणि चीड व देवदारासारख्या सुगंधी लाकडांतली द्रव्ये सरड्यांच्या श्वसनाला अपायकारक असतात.

काळ्या मातीबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण 'आपली माती नैसर्गिक' म्हणून शेतातली काळी माती आणणारे मला दोघे भेटले. आपली रेगूर माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. हा गुण तिच्यातल्या स्मेक्टाइट वर्गाच्या खनिजांचा आहे, आणि मांजराच्या शौचपेटीत घालतात ती बेंटोनाइटची गोळा होणारी माती याच घराण्यातली. जी माती ओलावा मिळताच फुगते तिचा तुकडा आतड्यात काय करील हे वेगळे सांगायला नको. त्यात शेतातल्या खता-औषधांचा अंश असतो तो निराळाच.

आता टॉवेल. सोलापुरात घर म्हटले की टॉवेल आलाच, आणि यंत्रमागाच्या गावात राहून पेटीत टॉवेल न अंथरणे म्हणजे जवळजवळ कृतघ्नपणा वाटतो. परंतु ज्या फाशांमुळे आपला टेरी टॉवेल पाणी टिपतो, त्याच फाशांत सरड्याची नखे अडकतात. तो हिसका देतो, नख मुळापासून उखडते, किंवा सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह थांबतो आणि बोट काळे पडून गळते. दुकानात 'रेप्टाइल कार्पेट' नावाने मिळणाऱ्या जाड कापडाचाही हाच दोष आहे, शिवाय त्याच्या विणीत विष्ठेचे जंतू घर करतात. कापडच हवे असेल तर फासे नसलेले, चारही कडा शिवून घेतलेले, सुवासिक साबण न वापरता धुतलेले सुती कापड लपण्याच्या जागेत घालावे. मात्र कापड दर दोन-तीन दिवसांनी धुवावे लागते, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते धुतले जाणार नाही हे मी स्वानुभवाने सांगतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे पाण्याच्या टाकीलाही लागू पडते.

फरशी

वर्षाच्या आतल्या पिल्लांना, आजारी प्राण्यांना आणि पहिल्यांदाच पाळणाऱ्यांना मी शहाबादी फरशीच सुचवतो. ज्या दगडावर जानेवारीत आमचा प्राणी आजारी पडला तोच दगड मी आज सुचवत आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल; दोष दगडाचा नव्हता, तो वापरण्याच्या पद्धतीचा होता.

शहाबाद हे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, कलबुर्गीच्या पुढचे गाव, त्यामुळे हा चुनखडीचा दगड आपल्याकडे कोणत्याही फरशीवाल्याकडे मिळतो. घेताना पॉलिश न केलेला, खडबडीत बाजूचा घ्यावा. त्या बाजूवर पाय घट्ट रोवले जातात आणि नखे आपोआप झिजतात, तर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर पाय फाकत जातात आणि वाढत्या वयाच्या पिल्लाच्या सांध्यांवर त्याचा ताण पडतो. पॉलिशसाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरले जाते, हेही कच्चा दगड घेण्याचे एक कारण आहे. स्नानगृहासाठीची खरखरीत सिरॅमिक टाइल हा हलका पर्याय आहे आणि भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना तोच सोयीचा पडेल.

प्रौढ प्राण्याच्या पेटीचा तळ किमान चार फूट बाय दोन फूट असावा. तेवढ्या तळाला इंचभर जाडीची शहाबादी बसवली तर तिचे वजन पन्नास किलोंच्या जवळ जाते, म्हणून दोन मोठ्या फरश्या न घालता फूटभर बाय फूटभराचे आठ तुकडे कापून घ्यावेत. प्रत्येक तुकडा सहा-एक किलोंचा होतो आणि एकटा माणूस तो उचलून धुऊ शकतो. कापलेल्या कडा पॉलिशच्या दगडाने घासून बोथट करून घ्याव्यात. तुकड्यांमधल्या फटी हा या रचनेचा खरा त्रास आहे: रातकिडे आणि अळ्या तेथे दडतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या प्राण्याला चावतात, आणि विष्ठेचा ओलावाही तेथेच मुरतो. तुकडे एकमेकांना अगदी भिडवून बसवावेत आणि कीटक पेटीत मोकळे न सोडता चिमट्याने किंवा गुळगुळीत वाडग्यातून खायला द्यावेत. फटी सिमेंटने भरण्याचा प्रयोग आम्ही केला आणि पहिल्याच धुलाईच्या दिवशी पस्तावलो.

फरशीखाली थर्मोकोलची पट्टी घालावी, म्हणजे टेबलाचा गारठा वर चढत नाही. तिच्या कडा प्राण्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी मात्र काळजी घ्यावी. हिवाळ्यात दिवा लागल्यानंतर दोन तासांनी, दगडावर तापमापक रोखून, मगच अन्न द्यावे आणि शेवटचे अन्न दिवा मालवण्याच्या निदान दोन-तीन तास आधी संपवावे. रात्री पेटी १८ अंशांखाली उतरत असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लावावा. दगड खालून तापवणाऱ्या विजेच्या चटया आणि 'हॉट रॉक' वापरू नयेत. या प्राण्याला उष्णता वरून येते हे कळते, खालून पोट भाजत असल्याचे वेळेवर कळत नाही.

ज्यांना माती हवीच आहे

प्रौढ, सुदृढ, नियमित विष्ठा टाकणाऱ्या प्राण्याला घट्ट दाबलेल्या मातीचा थर अपायकारक नाही, आणि खणण्याची त्याची ओढ त्यावर पुरी होते हे मान्य केले पाहिजे. 'एकही सुटा कण नको' असे म्हणणारे आणि 'निसर्गात माती नसते का' असे विचारणारे यांच्या वादात मी वयाची आणि तापमापकाची अट घालतो: प्राणी दीड वर्षाचा झालेला असावा आणि त्याची मागच्या दोन महिन्यांची विष्ठेची नोंद कागदावर असावी.

रोपवाटिकेतली तयार कुंडीमाती घेऊ नये. तिच्यात शेणखत, पेंड, पर्लाइट मिसळलेले असते. खत न घातलेली साधी लाल माती घेऊन चाळावी, उन्हात पसरून कडकडीत वाळवावी, आणि तिच्या दोन वाट्यांना धुतलेल्या बारीक वाळूची एक वाटी या प्रमाणात मिसळावी. थोडे मिश्रण भिजवून लाडू वळावा व वाळू द्यावा. बोटाने चोळल्यावर त्याची भुकटी झाली तर माती वाढवावी. त्याला भेगा पडल्या तर वाळू वाढवावी. जमलेले मिश्रण ओलसर करून पेटीत ठोकून बसवावे आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान आठ-दहा दिवस, प्राण्याला आत सोडू नये. पावसाळ्यात हे काम काढू नये. ऑगस्टमध्ये सुरू केलेला थर आमच्याकडे तीन आठवड्यांनीही खाली ओला होता.

वजनाचा हिशेब आधीच करावा. १२० बाय ६० सेंटीमीटर तळावर दहा सेंटीमीटरचा थर म्हणजे ७२ लिटर माती, आणि ती ठोकून बसवल्यावर शंभर किलोंच्या आसपास भरते. काचेच्या पेटीचा तळ आणि खालचे टेबल त्या तयारीचे आहे का, हे माती ओतल्यावर पाहण्यात अर्थ नाही. हिरवा पाला मातीवर न टाकता पसरट थाळीत द्यावा, म्हणजे चिकटलेली माती पोटात जाणार नाही.

स्वच्छता

विष्ठा दिसताच उचलावी, जागा ओल्या फडक्याने पुसावी. फरशी आठवड्यातून एकदा साबणाच्या गरम पाण्याने धुवावी आणि महिन्यातून एकदा, किंवा आजारानंतर, ब्लीचचा एक भाग व पाण्याचे दहा भाग असे द्रावण तिच्यावर दहा मिनिटे ठेवून, भरपूर पाण्याने धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात वाळवावी. घरोघरी असणारे फिनाइल पेटीत वापरू नये. त्यातली द्रव्ये सरड्यांना विषारी ठरतात. शौचालय साफ करण्याचे आम्ल शहाबादीला खाते, तिच्यावर खड्डे पाडते, आणि ब्लीचशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून फरशीचे तुकडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत, हात साबणाने धुवावेत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात मदतीला घेऊ नये, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

पाण्याचा खर्च वाचावा म्हणून आम्ही दोन तुकडे जास्तीचे कापून घेतले आहेत. नळाला पाणी येते त्या सकाळी मळलेले दोन तुकडे बाहेर निघतात, वाळलेले दोन त्यांच्या जागी जातात, आणि भिंतीवरच्या कागदावर त्या दिवसाच्या दगडाचे तापमान व विष्ठेची खूण मांडली जाते.